अफवा, इशारा आणि वैनगंगा

घरात उर्दू आणि शाळेत मराठी, असं माझं रोजचं जगणं. त्यामुळे एखादा शब्द दोन्हीकडे भेटला आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा निघाला, की मी थबकते. ‘अफवा’ हा तसा शब्द. उर्दूत तो ‘अफवाह’. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘तोंडं’. तोंड या शब्दाचं ते अनेकवचन. म्हणजे जी गोष्ट फक्त तोंडांतून आली, जिला पाहणारे डोळे नाहीत, ती अफवाह. हा अर्थ मुलांना सांगितला की त्यांना व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दुसरा शब्द ‘इशारा’. उर्दूत इशारा म्हणजे खूण, संकेत. भुवई उडवली, बोट दाखवलं, झाला इशारा. मराठीत मात्र इशारा म्हणजे धोक्याची सूचना. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या पेपरात दर चार दिवसांनी मथळा येतो, ‘नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’. उर्दू माध्यमाच्या वर्गात मी असा मथळा वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, सरकार इशारों में क्यों बोलती है?” वर्ग हसला. मीही हसले. पण तो प्रश्न मला पुढे बरीच वर्षं पुरला.

पूर, भूकंप, धरण यांबद्दल आपल्याकडे जी भीती असते ती या दोन शब्दांच्या मधल्या जागेत राहते असं मला वाटतं. एका बाजूला खूप बोलणारी तोंडं, दुसऱ्या बाजूला नुसती खूण करून गप्प बसणारं सरकार. मधे माणसं. आजचा लेख त्या माणसांविषयी आहे.

आमच्या पिढीला भूकंप कळला तो १९९७ साली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. २२ मेच्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. उन्हाळ्याचे दिवस, आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून झोपलेलो. फजरच्या अजानची वेळ. खाट हलली तसं अम्मीला वाटलं, खाली कुत्रं शिरलं. मग घरातली भांडी वाजली. आमच्याकडे पडझड झाली नाही, पण जबलपुरात माणसं मेली, हजारो घरांना तडे गेले. तेव्हा जबलपूर-गोंदिया छोटी लाईन होती. त्या गाडीने येणारा प्रत्येक माणूस नवी बातमी आणायचा. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बातम्यांना घड्याळ लागलं. “आज रात्री दोनला परत येणार.” “शुक्रवारी मोठा येणार.” “दिल्लीच्या साहेबांना माहीत आहे, पण सांगायची मनाई आहे.” मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं, घरात फोनसुद्धा नव्हता. तरी ती वाक्यं रेल्वे फाटकापासून आमच्या गल्लीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचायची. शेजारच्या खाला घरातला कुराण, राशनकार्ड आणि मुलीच्या लग्नाचे दागिने एका पेटीत घालून ती पेटी उशाशी घेऊन झोपायच्या. बरेच दिवस मोहल्ला उघड्यावर झोपला.

म्हणून आज कोणी म्हणतं की व्हॉट्सअपने लोक बिघडवले, तेव्हा मला ते पूर्ण पटत नाही. व्हॉट्सअपने गाडीचा वेग वाढवला. माल जुनाच आहे.

या मालाची ओळख करून घ्यायला मला भाषेच्या शिक्षिकेची सवय उपयोगी पडली. माझ्या फोनवर उर्दूचे ग्रुप आहेत आणि मराठीचेही. एकच निरोप दोन्हीकडे येतो. उर्दूत आला की त्यात अल्लाहचा अज़ाब असतो, मराठीत आला की निसर्गाचा कोप. बाकीचं व्याकरण सारखं. एक, वेळ ठरलेली असते. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन’. दोन, मोठं नाव असतं, बहुतेक वेळा नासा किंवा बीबीसी. तीन, ‘सरकार लपवत आहे’ हे वाक्य असतंच. चार, ‘किमान दहा जणांना पाठवा’. अवकाशातून घातक किरण येणार आहेत, फोन बंद करून लांब ठेवा, हा निरोप मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा पाहिला आहे की ते किरण खरंच आले असते तर आता दमून परत गेले असते.

४ डिसेंबर २०२४ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगूला ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि आमच्याकडेही हलकं हादरल्यासारखं झालं. त्या दिवशी पहिल्या तासाला मुलं आली तीच प्रश्न घेऊन, “टीचर, अकरा बजे बड़ा वाला आएगा?” मी फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? त्याला कसं कळलं? खोटं निघालं तर त्याला कुठे गाठायचं? मुलं पहिल्याच प्रश्नाला अडली, कारण प्रत्येकाला दुसऱ्याने सांगितलं होतं. मग मी त्यांना सांगितलं की भूकंप कधी, किती वाजता येणार हे जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला आधी सांगता येत नाही. कुठल्या भागात धोका जास्त आहे एवढं सांगता येतं. म्हणून ज्या निरोपात भूकंपाची वेळ दिलेली असते तो वेळेमुळेच खोटा ठरतो. त्यापुढे वाचायची गरज नाही.

इथपर्यंत सोपं आहे. लोक अडाणी, निरोप खोटे, शिक्षिका हुशार. असे लेख तुम्ही खूप वाचले असतील. मला पुढचं लिहायचं आहे, कारण लोकांची शंका हवेतून आलेली नाही.

१९६१ सालचं पानशेत घ्या. बांधकाम पूर्ण व्हायच्या आतच धरणात पाणी साठवलं गेलं. धरण खचू लागलं तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. जवानांच्या कष्टामुळे पाणी रात्री न येता दिवसा आलं आणि असंख्य जीव वाचले. पण रात्रभर पोती रचली जात होती, तर शहराला स्पष्ट शब्दांत आधी का सांगितलं नाही, हा प्रश्न पुणेकर पुढे कित्येक दशकं विचारत राहिले. चौकशी आयोगाचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांनी अहवाल देण्याआधी आत्महत्या केली आणि पुढचं काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. ज्या घटनेच्या चौकशीत असं घडतं, तिच्याभोवती कुजबुज राहणारच.

कोयनेचं पाहा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या पाण्याने जमीन हलते, ही गोष्ट त्या वेळी वादाची होती. आज जगभर धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. म्हणजे पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध जोडणारी भीती ही वेडगळ भीती नव्हती. तिला पुरावा मिळायला वेळ लागला.

किल्लारीचं तर सगळ्यांना आठवतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, विसर्जन करून गावं नुकती झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसं मेली. त्या भागात आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, धक्के जाणवत होते. पण सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला आणि तो सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकला. माणसं मेल्यावर नकाशा बदलला, हे गावकरी विसरत नाहीत.

आणि अगदी अलीकडचं, २ जुलै २०१९ च्या रात्रीचं चिपळूण तालुक्यातलं तिवरे. धरण गळतं आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं वाहून गेली, आणि तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘धरण गळतंय’ असं गावात कोणी म्हणत होतं, तेव्हा बाहेरच्या माणसाला ती अफवाच वाटली असती. आणि खेकड्यांची गोष्ट मात्र अधिकृत होती. मग सामान्य माणसाने अफवा कोणती आणि खबर कोणती, हे कशावरून ठरवायचं?

आता आमच्या नदीकडे येते. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून येते आणि आमच्या जिल्ह्याच्या हद्दीने वाहत भंडाऱ्याकडे जाते. वर शिवनी जिल्ह्यात भीमगडचं संजय सरोवर, खाली भंडारा जिल्ह्यात ३३ दरवाजांचं गोसेखुर्द. आमची नदीकाठची गावं या दोघांच्या मधे. आम्हाला पाणी कळतं ते आमच्या आभाळावरून नाही. आमच्याकडे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढते, कारण पाऊस दुसऱ्या राज्यात पडलेला असतो.

ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा. करोनाचे दिवस, शाळा बंद. गणपती बसलेले होते आणि ३० ऑगस्टला यौमे आशूरा. ना मिरवणूक, ना ताजिये, ना सरबत वाटप. सगळे घरात आणि सगळ्यांच्या हातात फोन, कारण ऑनलाइन अभ्यासासाठी आम्ही शिक्षकांनीच प्रत्येक वर्गाचा ग्रुप काढला होता. मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगेला अनेक वर्षांत पाहिला नव्हता असा पूर आला. आमच्या जिल्ह्यातली काठची गावं, भंडारा शहराचा मोठा भाग, पुढे चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे पाणी. त्याच रात्री माझ्या वर्गाच्या ग्रुपवर, जिथे सकाळी मी विरामचिन्हांचा स्वाध्याय टाकला होता, तिथे एक रेकॉर्ड केलेला आवाज आला, “वरचं धरण फुटलं, पळा.”

धरण फुटलं नव्हतं. दरवाजांतून पाणी सोडलं होतं. पण ज्याच्या दारात पाणी आलं त्याला हा फरक कोण सांगणार?

माझ्या एका विद्यार्थिनीचे मामा तिरोडा तालुक्यात नदीजवळ राहतात. थोडं धान, थोडी भाजीची बाडी. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी ते भेटले. दोन शेळ्या, मोटारपंप आणि कोठीतलं धान गेलं होतं. बायकापोरांना कसंबसं उंचावरच्या शाळेत नेलं होतं. मी विचारलं, निरोप आला नव्हता का? ते म्हणाले, “आला ना मॅडम. पण तीन खेपा आला आन् तीन खेपा सामान बांधलं. काहीच नाही झालं. चवथ्या खेपेले कोन बांधते?” चौथा निरोप खरा होता. तो सरकारी होता, पण आला त्याच फोनवर, त्याच ग्रुपमधून, त्याच पद्धतीने. मामांनी तो वाचला आणि झोपले.

अफवेचं खरं नुकसान इथे आहे. ती लोकांना घाबरवते म्हणून वाईट, असं आपण म्हणतो. पण घाबरून पळालेला माणूस निदान उंचावर असतो. अफवा माणसाला खऱ्या इशाऱ्यापासून तोडते. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो, तिच्यात ओरडणारा पोरगा एक असतो. इथे ओरडणारे हजार आहेत आणि त्यांच्यात एक तलाठीही आहे. आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच ऐकू येतो.

कधी अफवा सरळ जीवही घेते. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटलं, त्सुनामी आली अशी आवई उठली. अंधार, चिखल, अरुंद गल्ल्या. चेंगराचेंगरीत पंधराहून जास्त माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती. पाणी आलंच नव्हतं. पण आधीच्या डिसेंबरात सगळ्यांनी टीव्हीवर त्सुनामी पाहिली होती, आणि आदल्या दोन दिवसांत स्वतःच्या घरात छातीभर पाणी. त्या लोकांना मी मूर्ख म्हणू शकत नाही.

२००५ हे साल मला वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. त्या एका वर्षात देशात दोन कायदे आले. ऑक्टोबरात माहितीचा अधिकार लागू झाला. डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. दुसऱ्या कायद्याचं कलम ५४ सांगतं की आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पहिल्या कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांनी अर्ज करायची वाट न पाहता सरकारी कार्यालयांनी माहिती स्वतःहून जाहीर करावी. पावसाळ्यात पहिल्या प्रकारची आठवण आम्हाला नेहमी करून दिली जाते. ‘अफवा पसरवणाऱ्यांवर कठोर कारवाई’. दुसऱ्या कलमाची आठवण कोणी करून देत नाही. खरं तर दोन्ही कलमं एकाच नाण्याच्या बाजू आहेत. खरी माहिती वेळेवर दिली तर खोट्या माहितीबद्दल शिक्षा करायचा नैतिक हक्क सरकारला मिळतो.

त्याच २००५ सालच्या सप्टेंबरात चीनने जाहीर केलं की नैसर्गिक आपत्तीतल्या मृतांचा आकडा यापुढे राष्ट्रीय गुपित असणार नाही. म्हणजे तोवर तो गुपित होता! १९७५ साली हेनान प्रांतात बानचियाओ आणि इतर धरणं फुटून हजारो-लाखो लोक मेले, आणि जगाला त्याचा नीट पत्ता लागायला दशकं गेली. १९७६ च्या तांगशान भूकंपातल्या मृतांचा आकडा तीन वर्षं दाबून ठेवला होता. असं सरकार ज्यांनी पाहिलं, त्यांनी अफवेवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर?

आपलं तसं नाही, आणि हे मला मोकळेपणाने म्हणायचं आहे. आपल्या देशात गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या सीमेपलीकडे जाणाऱ्या खोऱ्यांतली पाण्याची आकडेवारी संरक्षित ठेवतात. पण वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. गोदावरी खोऱ्याची माहिती गुपित नाही. केंद्रीय जल आयोग नदीची पातळी आणि पुराचा अंदाज संकेतस्थळावर टाकतो, २०२३ मध्ये त्यासाठी ‘फ्लडवॉच’ नावाचं अ‍ॅपही काढलं. म्हणजे ‘सरकार लपवतंय’ हे आमच्या नदीपुरतं बहुतेक वेळा खरं नाही. सरकार सांगतं. पण कसं सांगतं ते पाहा.

‘प्रकल्पाची इतकी वक्रद्वारे इतक्या मीटरने उघडण्यात आली असून इतक्या क्युमेक्सने विसर्ग सुरू आहे. विसर्गात वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. नागरिकांनी घाबरून न जाता सतर्क राहावे.’ हे मराठी आहे. मी मराठीची शिक्षिका असून मला हे दोनदा वाचावं लागतं. एका पत्रकात क्युसेक असतं, दुसऱ्यात क्युमेक्स. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर. पस्तीस पटींचा फरक. ‘काल दोन लाख सोडलं, आज सहा हजारच’ असं म्हणून कोणी निर्धास्त झोपला, तर एकक न वाचल्याने त्याचा घात होऊ शकतो, कारण सहा हजार क्युमेक्स हे दोन लाख क्युसेकपेक्षा जास्त पाणी आहे. यात लपवाछपवी नाही. पण ज्याला कळायला हवं त्याला कळत नसेल, तर लपवलं काय आणि छापलं काय, मामांच्या शेळ्यांना सारखंच.

पूर्वी गावात कोतवाल दवंडी द्यायचा. आमच्याकडे मुनादीही म्हणतात. डफडं वाजवून तो सांगायचा, कोणी सांगायला लावलं, काय होणार, कधी आणि काय करायचं. चार गोष्टी. आणि खोटं निघालं तर कोतवाल गावातच राहणारा. माझ्या फळ्यावरच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या डफड्यात होती. जुलै २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर अचानक कर्कश भोंगा वाजून आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात अर्ध्या लोकांना वाटलं फोन हॅक झाला. साधन चांगलं आहे, जीव वाचवेल असं आहे. पण आधी चार दिवस मशिदीतून, देवळातून, शाळेतून सांगितलं असतं की असा भोंगा वाजेल, तर पहिल्याच भोंग्याला ‘फसवणूक’ हा शिक्का बसला नसता.

आता एक गोष्ट जी मला मुसलमान म्हणून सांगावीच लागेल. आपत्तीची अफवा फार काळ पाण्यावर किंवा जमिनीवर थांबत नाही. तिला माणूस लागतो. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, त्या पाण्यात आमच्या वैनगंगेचंही पाणी होतं. तेव्हा तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव म्हणाले की ढगफुटीमागे परदेशी हात असू शकतो. त्याच वर्षी आसामात सिलचर बुडालं. तिथे बराक नदीचा बांध बेथुकांदीला फोडला गेला होता. काही दिवसांत समाजमाध्यमांवर त्याला ‘पूर जिहाद’ असं नाव मिळालं, आणि पुरात ज्यांची स्वतःची घरं बुडाली होती त्या मुसलमानांकडेच बोट गेलं. परदेशी हात आणि शेजारचा हात, यांत अंतर किती? ढगाला दोष देता येत नाही, अधिकाऱ्याला जाब विचारता येत नाही, मग जो समोर आहे आणि कमजोर आहे तो सापडतो. म्हणून अफवेविरुद्ध बोलणं हे आमच्यासारख्यांना केवळ विज्ञानाचं काम नाही, जीव सांभाळायचं काम आहे.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालत नाही. आमच्याही ग्रुपवर प्रत्येक भूकंप हा कुणाच्या तरी गुनाहांचा अज़ाब असतो, आणि ते गुनाह बहुधा पाठवणाऱ्याचे नसतात, बायकांच्या कपड्यांचे असतात. ज्या दीनमध्ये बातमी आली तर आधी पडताळून घ्या असा स्पष्ट हुकूम आहे, तिथे हे चालतं. रसूलुल्लाहांच्या लहान मुलाचं, इब्राहीमचं निधन झालं त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. मदीनेत लोक म्हणू लागले, नबीच्या मुलासाठी सूर्य काळवंडला. ही अफवा त्यांच्या मोठेपणाची होती, गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण दुःखाच्या त्याच दिवशी त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य-चंद्राला कुणाच्या मरणाने ग्रहण लागत नाही. मला वाटतं, सत्तेवर बसलेल्या प्रत्येकाने आणि फोन हातात असलेल्या प्रत्येकाने एवढं तरी घ्यावं. आपल्या फायद्याची असली तरी खोटी गोष्ट लगेच खोडायची, उद्यावर टाकायची नाही.

वेळेचं महत्त्व सांगलीकरांना विचारा. २०१९ च्या महापुरात सगळ्यांचं बोट अलमट्टी धरणाकडे होतं. वडनेरे समितीने अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल दिला, अलमट्टीमुळे हा पूर आला नाही. अजूनही पावसाळा लागला की तीच चर्चा सुरू होते. उशिरा आलेलं सत्य खरं असतं, पण तोवर घरात दुसरं कोणी राहायला आलेलं असतं.

मी शिक्षिका आहे. धरणाचे दरवाजे माझ्या हातात नाहीत. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना वेळेवर फोन करावा, काठच्या प्रत्येक गावात खुणेचा खांब असावा, पत्रकात एकच एकक वापरावं, एवढं मी मागू शकते आणि मागते. बाकी माझ्याकडे वर्ग आहे. म्हणून गेली काही वर्षं जूनमध्ये मी नववीला एक स्वाध्याय देते. पेपरातलं पाणी सोडल्याचं पत्रक कापून आणायचं आणि नदीकाठी राहणाऱ्या, वाचता न येणाऱ्या आजीला सांगायचं आहे असं समजून ते तीन वाक्यांत लिहायचं. एकदा मराठीत, एकदा उर्दूत. घाबरू नका हे शब्द वापरायचे नाहीत. काय करायचं ते सांगायचं. कोणी सांगितलं ते सांगायचं.

मुलं सुरुवातीला ‘विसर्ग’ शब्दावर अडतात, कारण त्यांना व्याकरणातला विसर्गच माहीत असतो. मग हळूहळू लिहू लागतात. मागच्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं ते असं: ‘आजी, वरच्या धरणाच्या माणसाने सरपंचाला फोन केला आहे. उद्या सकाळच्या चहापर्यंत पाणी वडाच्या झाडापर्यंत येईल. शेळ्या आज संध्याकाळीच शाळेत बांध.’

मी तिला दहापैकी दहा दिले. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या कापल्या नाहीत.